'ह्यूमन नेचर'मध्ये गिटार गेली कुठे? नाइटविशचा आधीचा आवाज आणि नंतरचा

नाइटविश या फिनलंडच्या मेटल बँडबद्दल एका श्रोत्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "'ओशनबॉर्न' आणि 'वन्स' ऐकून नाइटविशच्या नादी लागलो. २०२० चा 'ह्यूमन. :॥: नेचर.' बऱ्याचदा लावून पाहिला, पण तो पकड घेत नाही. गिटार ऐकूच येत नाही, तार्यासारखा आवाज नाही आणि दुसऱ्या डिस्कवर तर बँडच नाही, नुसता ऑर्केस्ट्रा. बँड मवाळ झाला, थकला, की माझ्याच ऐकण्यात काही गडबड आहे?"

गिटार आहे. ती मागे सरकली आहे, आणि तिला मागे सरकवण्याचा निर्णय २०२० मध्ये झालेला नाही. २००२ साली बँडने खरा ऑर्केस्ट्रा आणला तेव्हाच तिची जागा आक्रसायला लागली होती. 'ह्यूमन नेचर'मध्ये ती प्रक्रिया शेवटच्या टोकाला पोचली, एवढंच. मी मेटल बँडांसाठी ऑर्केस्ट्राची मांडणी लिहितो आणि मिक्सिंगही करतो (सुटे ध्वनिमुद्रित आवाज जुळवून एक गाणं करतो), त्यामुळे माझं उत्तर मिक्सिंगच्या टेबलावरून येणार. पहिली गायिका तार्या श्रेष्ठ की नंतर आलेली फ्लोर, या भांडणात मला रस नाही. ते भांडण वर्षानुवर्षं चाललंय, आणखी वीस वर्षं चालेल.

आधी 'ओशनबॉर्न'कडे बघू. १९९६ मध्ये पूर्व फिनलंडमधल्या कितेए या लहानशा गावात तुओमास होलोपाइनेन (की-बोर्ड, आणि गाणी लिहिणारा), तार्या तुरुनेन (गायिका) आणि एम्पु वुओरिनेन (गिटार) यांनी बँड सुरू केला. मूळ कल्पना अकूस्टिक संगीताची होती. १९९७ च्या पहिल्या अल्बमवर पुरुषाचा आवाज हवा तिथे तुओमास स्वतःच गायला, आणि ते त्याचं काम नव्हे हे कुणालाही ऐकू येतं. पुढच्याच वर्षी आलेल्या 'ओशनबॉर्न'मध्ये मात्र बँडला आपला साचा सापडला. तो साचा भलताच सोपा होता. खाली डबल बेस ड्रम आणि गिटार, मध्ये की-बोर्ड, आणि सगळ्यांच्या डोक्यावर एकच सोप्रानो, म्हणजे सगळ्यांत उंच पट्टीचा स्त्रीचा आवाज. थोडी खरी तंतुवाद्यं आणि बासरी आहे, पण 'ऑर्केस्ट्रा' म्हणून जे कानावर येतं ते जवळजवळ सगळं तुओमासच्या की-बोर्डमधून निघालेलं आहे.

ही गोष्ट दुय्यम वाटते, पण सगळं उत्तर तिच्यातच आहे. की-बोर्डवरची व्हायोलिनं खऱ्या व्हायोलिनांसारखी वागत नाहीत. ती एका पातळीवर राहतात, श्वास घेत नाहीत, सुराच्या सुरुवातीला गज घासल्याचा खरखरीतपणा त्यांच्यात नसतो. संगीतकाराला हा दोष वाटतो, मिक्स करणाऱ्याला ती पर्वणी असते. असा आवाज मला हवा तेवढा बारीक करता येतो, त्याचा खालचा भाग कापून टाकता येतो, आणि तरीही 'मागे ऑर्केस्ट्रा वाजतोय' हा भास टिकतो. त्यामुळे गिटारला मोकळं मैदान मिळतं. 'स्टारगेझर्स' लावा आणि फक्त एम्पुकडे लक्ष द्या. गिटार आणि की-बोर्ड एकमेकांच्या मागे धावतायत, कधी एकच धून जोडीने वाजवतायत, आणि दोघंही सुटे ऐकू येतात. तुम्हाला जी गिटार आठवते ती हीच.

आता खऱ्या ऑर्केस्ट्राचं बघू. डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे आवाज मुद्दाम फाटका-खरखरीत केलेली गिटार साधारण ८० हर्ट्झपासून ५ हजार हर्ट्झपर्यंतचा पट्टा व्यापून बसते. चेलो, व्हायोला, हॉर्न, ट्रॉम्बोन यांचा जीव नेमका याच पट्ट्यात असतो. दुसरी अडचण याहून मोठी आहे. ऑर्केस्ट्राच्या अगदी हळू आणि अगदी मोठ्या आवाजात सहज ५० डेसिबलचं अंतर पडतं, त्याची सगळी नाट्यमयता त्या चढउतारात असते. डिस्टॉर्शनमधून निघालेल्या गिटारला चढउतार जवळजवळ नसतोच. ती एकतर पूर्ण वाजते नाहीतर बंद असते. हे दोघं एकाच वेळी पूर्ण ताकदीने वाजवणं म्हणजे एका अरुंद जिन्यावरून दोन सोफे एकदम चढवायला घेणं. कुणीतरी थांबायला हवं, किंवा कुणाचे तरी पाय कापायला हवेत. आमच्या धंद्यात बहुतेक वेळा ऑर्केस्ट्राचे पाय कापले जातात: त्याला दाबून एका पातळीवर आणायचं, वर सॅम्पलचा (आधीच मुद्रित करून ठेवलेल्या वाद्यांच्या सुरांचा) थर चढवायचा म्हणजे सुराची सुरुवात टोकदार होते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं भव्य आहे. लाखभर खर्च करून शेवटी की-बोर्डासारखंच ऐकू येतं, ही या शैलीतली जुनी शोकांतिका. (नावं घेत नाही, यातले काही अल्बम मीच मिक्स केलेत.)

'सेंच्युरी चाइल्ड'वर योएन्सू शहराचा ऑर्केस्ट्रा होता, आणि त्याच अल्बमपासून मार्को हिएतालाचा बेस आणि आवाज आला. इथे ऑर्केस्ट्रा अजून पाहुणा आहे. ठरलेल्या जागी येतो, मान डोलावतो, निघून जातो. २००४ च्या 'वन्स'वर लंडनचे वादक आले आणि ऑर्केस्ट्राची मांडणी पिप विल्यम्स यांच्याकडे गेली. स्टेटस क्वो आणि मूडी ब्लूजचे निर्माते म्हणून हा माणूस रॉकमध्ये मुरलेला होता. गिटार वाजत असताना ऑर्केस्ट्राने काय वाजवायचं नाही, हे त्याला पक्कं कळत होतं, आणि मांडणी करणाऱ्याची परीक्षा इथेच होते. 'घोस्ट लव्ह स्कोअर' हे दहा मिनिटांचं गाणं ऐकताना एकदा फक्त एवढंच टिपत जा, की गिटार कधी आहे आणि कधी नाही. मधला मोठा भाग ऑर्केस्ट्राला मोकळा सोडलाय, तिथे तो फुलतो, चढतो, आणि गिटार परत येते तेव्हा तिचं वजन दुप्पट वाटतं. ती मोठी झालेली नसते, तेवढा वेळ गैरहजर राहिलेली असते. माझ्या मते या बँडने गिटार आणि ऑर्केस्ट्राचा तोल सगळ्यांत चांगला साधला तो 'वन्स'वर, आणि तो पुढे कधी तसा साधला नाही. म्हणजे तुमची तक्रार अगदीच हवेतली नाही.

'डार्क पॅशन प्ले'चा (२००७) ऑर्केस्ट्रा लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला, त्या अल्बमचा पसारा अवाढव्य आहे, आणि जागेची भांडणंही तिथे सर्रास ऐकू येतात. त्यावर इथे जास्त लिहीत नाही. 'इमॅजिनेरम'कडे (२०११) मात्र लक्ष द्यायला हवं, कारण तो एका चित्रपटाच्या जोडीने रचला गेला आणि तो चित्रपट पुढच्या वर्षी आला. तुओमासला चित्रपटसंगीताची ओढ पहिल्यापासून होतीच, इथे तिला उघड परवाना मिळाला. २०१४ मध्ये त्याने स्वतःच्या नावावर डिस्नेच्या कॉमिक्समधल्या स्क्रूज मॅकडक या बदकाच्या आयुष्यावरचा अल्बम काढला, त्यात मेटल नाहीच. मग २०१८ मध्ये गायिका योहाना कुर्केला आणि बँडचा पाइपवादक ट्रॉय डॉनॉकली यांच्यासोबत 'ऑरी' या नावाने आणखी एक अल्बम आला, तोही मेटलबाहेरचा, आवाजांच्या मऊ थरांवर उभा असलेला. 'ह्यूमन नेचर'च्या आधी हे दोन अल्बम ऐकलेल्या माणसाला दुसऱ्या डिस्कचा धक्का बसला नाही. जे इतकी वर्षं शेजारच्या खोलीत चाललं होतं ते दिवाणखान्यात आलं.

आता मुख्य अल्बम. पहिल्या डिस्कवर नऊ गाणी, दुसऱ्यावर आठ भागांची सुमारे अर्ध्या तासाची ऑर्केस्ट्रा रचना. मी वर ज्या भांडणाबद्दल लिहिलं, त्यावर तुओमासने इथे काढलेला तोडगा सरळ आहे: दोघांची घरं वेगळी केली. ऑर्केस्ट्राला जे काही संपूर्ण बोलायचंय ते दुसऱ्या डिस्कवर बोलू दे, म्हणजे पहिल्या डिस्कवर त्याला सारखं मध्ये घुसावं लागणार नाही. पहिली डिस्क खरोखरच 'डार्क पॅशन प्ले'पेक्षा मोकळी वाटते, पण ऑर्केस्ट्राने सोडलेली जागा गिटारला मिळाली नाही. ती मिळाली माणसांच्या आवाजांना. तुम्ही गिटार शोधत राहिलात आणि तिच्या जागी तीन गळे येऊन बसलेत, हे तुमच्या लक्षात आलं नाही. अल्बम पकड घेत नाही त्याचं कारण मला हे वाटतं.

फ्लोर यान्सेन, मार्को हिएताला आणि ट्रॉय डॉनॉकली हे तिघं इथे एकत्र गातात, आणि या हार्मनी (एकाच वेळी वेगवेगळ्या सुरांवर गायलेले आवाज) सजावटीपुरत्या नाहीत, गाण्याचा सांगाडाच त्यांच्यावर आहे. 'हार्व्हेस्ट'मध्ये मुख्य आवाज ट्रॉयचा आहे. जगातल्या सगळ्यांत दमदार गायिकांपैकी एक हाताशी असताना पहिला मान पाइप वाजवणाऱ्याला देणं, याला धाडस लागतं. शेवटचं 'एंडलेसनेस' मार्कोकडे आहे. 'ओशनबॉर्न'मध्ये सगळ्या वाटा एका आवाजापाशी जाऊन संपत होत्या. इथे तसा एकच मालक नाही, म्हणून पहिल्या काही ऐकण्यांत कान कुठे टेकवायचा ते कळत नाही. एकदा हेडफोन लावून गाण्यांच्या ध्रुवपदात फक्त दुसरा, खालचा आवाज धरून ठेवा. वरच्या आवाजाकडे कान जाईल, त्याला ओढून परत खाली आणा. दोन-तीन गाण्यांत तो खालचा आवाज आपोआप ऐकू यायला लागतो आणि मग या अल्बमची वीण दिसते.

तार्यासारखा आवाज का नाही, हा तुमचा दुसरा मुद्दा. फ्लोरला तसं गाता येत नाही म्हणून नाही, हे आधी स्पष्ट करतो. तिला ते येतं. आफ्टर फॉरएव्हर या डच बँडमध्ये ती कोवळ्या वयापासून शास्त्रीय ढंग आणि रॉक दोन्ही गात होती. २०१३ च्या जर्मनीतल्या वाकेन मेटल महोत्सवातलं तिचं 'घोस्ट लव्ह स्कोअर' पाहिलंत तर शंका उरणार नाही. बँडमध्ये येऊन तेव्हा तिला वर्षसुद्धा झालेलं नव्हतं. कारण वेगळं आहे, आणि ते शब्दांपाशी आहे.

तार्या सिबेलियस अकादमीत शिकलेली, पुढे कार्लस्रूहला गेलेली, शास्त्रीय तालमीची गायिका. सोप्रानो आवाज साधारण ७०० हर्ट्झच्या वर गेला की गायिकेला तोंडाची पोकळी बदलावी लागते, नाहीतर आवाजाची ताकद जाते. मग 'आ', 'ए', 'ओ' हे स्वर एकमेकांसारखे व्हायला लागतात आणि शब्द विरघळतात. हा शरीराचा नियम आहे, जगातली कुठलीही सोप्रानो त्यातून सुटलेली नाही. 'ओशनबॉर्न'च्या काळात त्याने काही बिघडत नव्हतं. गीतं परीकथेच्या प्रदेशातली, धूसर, स्वप्नाळू. 'पॅशन अँड दि ऑपेरा'च्या शेवटी तर शब्दच नाहीत, नुसत्या तुटक ताना आहेत, आणि त्याच गाण्याचा कळस आहेत. आवाज हेच वाद्य होतं. गिटारच्या भिंतीवरून तो सहज पलीकडे जायचा, कारण त्या उंचीवर त्याच्याशी भांडायला कुणी नसायचं.

२०१५ च्या 'एंडलेस फॉर्म्स मोस्ट ब्यूटिफुल'पासून तुओमासची गीतं परीकथा सोडून विज्ञानाकडे वळली. त्या अल्बमचं नाव डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथातल्या शेवटच्या वाक्यातून घेतलेलं, निवेदनाला थेट उत्क्रांतीशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स, आणि शेवटी उत्क्रांतीवरचं सुमारे २४ मिनिटांचं गाणं. आता श्रोत्याला शब्द कळलेच पाहिजेत, नाहीतर गाण्याचा अर्धा भाग वाया. शब्द कळायचे तर आवाज बोलण्याच्या पट्टीच्या जवळ हवा, मध्य सप्तकात हवा. पण मध्य सप्तक म्हणजे नेमकी गिटारची वस्ती. गायिका खाली उतरली की गिटारला बाजूला व्हावं लागतं, दुसरा मार्ग नाही. म्हणजे तुमच्या दोन तक्रारी, गिटार कमी आणि सोप्रानो नाही, मुळात एकच आहेत. विषय बदलला, त्यामुळे आवाज खाली आला, आणि आवाजाने गिटारला हटवलं. हे सगळं कुणी कागदावर आखून केलं असेल असं मला वाटत नाही. गाणी बांधताना एकामागून एक निर्णय घेतले जातात आणि शेवटी बघावं तर घरच हललेलं असतं.

म्हणूनच 'शूमेकर' हे मला या अल्बममधलं सगळ्यांत विचारपूर्वक बांधलेलं गाणं वाटतं. ते भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर यांच्यावर आहे. त्यांच्या अस्थींचा अंश 'लूनार प्रॉस्पेक्टर' यानातून गेला आणि ते यान १९९९ मध्ये चंद्रावर आदळवलं गेलं. गाण्याचा मोठा भाग वाकड्या, अडखळत्या तालात आणि बोलक्या आवाजात आहे, कारण गोष्ट सांगायची आहे. मग गोष्ट सांगून संपते, कॉयर (गाणाऱ्यांचा समूह) चढायला लागतं, आणि तिथे फ्लोर शास्त्रीय सोप्रानोत शिरते. अख्ख्या डिस्कवर राखून ठेवलेली ही चीज नेमकी इथे खर्च केली आहे. 'ओशनबॉर्न'मध्ये सोप्रानो हा रोजचा पोशाख होता. इथे तो एका प्रसंगासाठी बाहेर काढलाय, आणि म्हणून अंगावर काटा येतो. तुम्हाला जुना आवाज हवा असेल तर या गाण्याच्या शेवटापाशी जा, पण उडी मारून जाऊ नका; सुरुवातीपासून ऐकलं तरच तो शेवट काम करतो.

'म्युझिक' या पहिल्या गाण्यात शब्द यायला बराच वेळ लागतो, आणि अनेकजण तिथेच वैतागतात. मला ती सुरुवात पटते. संगीताच्या जन्मावरचं गाणं थेट रिफने (गिटारच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्याने) सुरू झालं असतं तर हास्यास्पद झालं असतं. 'पॅन'मध्ये जुन्या चाहत्याला हवा तो आवेश आहे, आणि कॉयर आणि गिटार तिथे बरेच समजूतदारपणे वागतात. 'ट्रायबल' हे गाणं ड्रमर काई हाह्तोच्या वाजवण्यावर उभं आहे. आधीचा ड्रमर युक्का नेवालाइनेनच्या सरळ धावण्यापेक्षा हाह्तोचं वाजवणं जास्त बारकाव्यांचं, आणि ते इथे मोकळं ऐकू येतं. 'हाउज द हार्ट'ची चाल गोड आहे, त्यापलीकडे माझं तिच्याबद्दल काही म्हणणं नाही. 'नॉइज' मात्र मला या अल्बममधलं सगळ्यांत कमकुवत गाणं वाटतं, आणि गंमत म्हणजे जुन्या नाइटविशशी सगळ्यांत जास्त साम्य असलेलंही तेच. ठरलेला रिफ, ठरलेला ऑर्केस्ट्राचा फटकारा, ठरलेलं ध्रुवपद. बँडला तो साचा तोंडपाठ आहे आणि तोंडपाठ असल्याचं ऐकू येतं.

दुसऱ्या डिस्कबद्दल दोन्ही बाजूंची मतं मला अतिरेकी वाटतात. 'हे मेटलच नाही' ही तक्रार बरोबर आहे आणि निरर्थक आहे, कारण तसा दावा कुणी केलेला नाही. उलट 'ही खरी सिंफनी आहे' हा कौतुकाचा सूरही जास्त होतो. सिंफनीत एक कल्पना मांडून तिला वाकवतात, तोडतात, दुसऱ्या रूपात परत आणतात. इथे तसं फारसं घडत नाही. समुद्र, वन, माळ, बर्फ अशी निसर्गाची एकेक चित्रं येतात, प्रत्येकाला एक चाल मिळते, ती फुगते आणि ओसरते. हे चांगलं चित्रपटसंगीत आहे, फक्त चित्रपट नाही. पण दोन ठिकाणं मला मनापासून आवडतात. 'अँथ्रोपोसीन'मध्ये हुरियन भाषेतलं निक्कल देवीचं स्तोत्र गुंफलंय, आजच्या सीरियातल्या उगारित या प्राचीन नगरात मातीच्या पाटीवर सापडलेलं, सुमारे ३४०० वर्षांपूर्वीचं, जवळजवळ पूर्ण टिकलेल्या स्वरलेखनांपैकी सगळ्यांत जुनं. पहिली डिस्क 'म्युझिक'ने सुरू होते आणि दुसरी संपता संपता माणसाने लिहून ठेवलेल्या पहिल्या चालींपैकी एक येते, हा धागा दोन्ही डिस्कना बांधतो. आणि 'ॲड ॲस्ट्रा'मध्ये खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांचा पृथ्वीच्या फिकट निळ्या ठिपक्यावरचा उतारा वाचला जातो, तिथे ऑर्केस्ट्रा निवेदनाला जागा देऊन वाजतो. गिटारसोबत असं शक्यच नव्हतं.

थकव्याचं म्हणाल, तर बँडच्या आयुष्यात थकव्याची कारणं होती. २०२१ च्या सुरुवातीला मार्को बाहेर पडला, म्हणजे तीन आवाजांची ही वीण ज्या अल्बमवर पूर्ण झाली त्याच अल्बमनंतर तिचा एक धागा गेला. २०२४ च्या 'येस्टरविंड'साठी बँडने दौरा न करण्याचं ठरवलं. तो अल्बम ऐकलात तर लक्षात येईल की ऑर्केस्ट्रा, कॉयर, गिटार सगळे पुन्हा एकाच खोलीत आलेत आणि जागेची जुनी मारामारी परत सुरू झाली आहे. काहींना ती दाटी आवडते. मला तिथे 'ह्यूमन नेचर'ची पहिली डिस्क आठवते आणि तिची हवा हवीशी वाटते. पण एम्पुच्या बोटांची उणीव मला दोन्हीकडे जाणवते. 'ओशनबॉर्न'मध्ये तो की-बोर्डाशी संवाद करत होता; नंतरच्या अल्बमांवर बहुतेक वेळा तो तालाला वजन देतो, आणि ते काम चोख करतो, पण ते काम दुसऱ्याही कुणाला करता आलं असतं. या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे.

ऐकायचा क्रम विचाराल तर असा धरा. आधी 'घोस्ट लव्ह स्कोअर', कारण ते तुमच्या ओळखीचं आहे आणि गिटार-ऑर्केस्ट्राची अदलाबदल त्यात स्पष्ट कळते. मग 'शूमेकर' आणि 'हार्व्हेस्ट', दोन्ही हेडफोनवर, खालच्या आवाजावर कान ठेवून. त्यानंतर पहिली डिस्क सलग. दुसरी डिस्क त्याच बैठकीत लावू नका. दोन्ही मिळून ८० मिनिटांच्या पुढे जातात आणि तोवर कान शिणलेला असतो, मग चांगला भागही पार्श्वसंगीतासारखा निघून जातो. ती वेगळ्या दिवशी, मोठ्या स्पीकरवर, आवाज नेहमीपेक्षा थोडा चढा ठेवून ऐका, कारण तिच्यातले हळू भाग खरोखर हळू आहेत. आणि 'नॉइज'वरून अल्बमबद्दल मत बनवलं असेल तर ते बाजूला ठेवा. ते पहिलं सिंगल, म्हणजे अल्बमच्या आधी सुटं काढलेलं गाणं होतं, एवढंच.